लेक्झिंग्टनला जायचं तर...

नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक्झिंग्टन गावात १९८४पासून ऑक्टोबरअखेरच्या एका शनिवारी बार्बेक्यू महोत्सव भरतो. शार्लटहून मोटारीने तासाभराचा रस्ता. प्रवेश फुकट, गर्दी प्रचंड. त्यामुळे शुक्रवारीच आसपास मुक्कामाला पोचलेलं बरं.

इथे बार्बेक्यू म्हणजे डुकराचा खांदा. हिकरीचं लाकूड वेगळ्या चुलीत जाळायचं आणि रसरशीत निखारे फावड्याने मांसाखाली पसरायचे. आठ-दहा तास मंद धग. चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, चर्र आवाज होतो, उठलेला धूर मांसात मुरतो. खरी चव या धुराचीच. गॅसवर ती येत नाही. वरून व्हिनेगर, केचप आणि मिरीचं पातळ 'डिप'. त्याच डिपमध्ये कालवलेला बारीक चिरलेला कोबी सोबत मिळतो, तो लालसर आणि आंबट असतो, मेयोनीजचा त्यात थेंबही नाही. मक्याच्या पिठाची तळलेली 'हश पपी' हवीच. मागताना 'आउटसाइड ब्राउन' म्हणा. बाहेरचा काळपट, खरपूस भाग वाट्याला येईल.

ही परंपरा कोर्टाच्या आवारासमोर रुजली. १९१०च्या दशकात सिड वीव्हर आणि जेस स्वाइसगुड यांनी तारखांना येणाऱ्या लोकांसाठी तिथे तंबू ठोकून मांस विकायला सुरुवात केली.

रविवारी इथली काही नावाजलेली बार्बेक्यू दुकानं बंद असतात. खायचं ते शनिवारीच खाऊन घ्या.