सर्व्हरची जागा संपते तेव्हा...
अनेक डिस्क जोडून एक कोठार शक्य; मात्र बॅकअपविना जोखीम मोठी

प्रतिनिधी, बुलडाणा

सोयाबीन, कापूस, तूर अशा पिकांची नोंद करण्यासाठी पूर्वी तलाठ्याची वाट पाहावी लागे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतःच मोबाइलवरून छायाचित्रासह ही नोंद करू लागला. बुलडाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांतून दर हंगामात अशी छायाचित्रे जमा होतात. पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई या नोंदींशी निगडित असल्याने त्या सुरक्षित राहणे महत्त्वाचे ठरते. अशी वाढती माहिती साठवणाऱ्या कोणत्याही सर्व्हरपुढे कधी ना कधी एक प्रश्न येतो : जागा संपली तर काय?

एका छायाचित्राचा आकार २०० किलोबाइट धरला, तर ५० लाख छायाचित्रांना सुमारे १ टेराबाइट (टीबी) जागा लागते. ‘क्लाउड’ म्हणजे इंटरनेटद्वारे भाड्याने मिळणारी संगणकसेवा. तेथील आभासी डिस्कला ‘व्हॉल्यूम’ म्हणतात आणि तिच्या आकाराला मर्यादा असते. ॲमेझॉनने २००८ मध्ये ही सेवा सुरू केली तेव्हा एक व्हॉल्यूम जास्तीत जास्त १ टीबीचा घेता येई. २०१५ मध्ये ही मर्यादा १६ टीबी झाली, तर २०२१ मध्ये विशिष्ट प्रकारासाठी ६४ टीबीपर्यंत गेली.

कोठारे अनेक, वही एक

मर्यादेपलीकडे जाण्याचा मार्ग बाजार समितीच्या गोदामांसारखा आहे. माल चार गोदामांत असला तरी आवक-जावक वही एकच ठेवता येते. लिनक्स प्रणालीत हे काम ‘लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर’ अर्थात ‘एलव्हीएम’ करतो. प्रत्येक १६ टीबीचे चार व्हॉल्यूम सर्व्हरला जोडून त्यांचा एक गट केला, की वापरणाऱ्याला ६४ टीबीची एकच सलग डिस्क दिसते. पुढे जागा कमी पडल्यास पाचवा व्हॉल्यूम गटात घ्यायचा आणि त्यावरील ‘फाइल सिस्टीम’ वाढवायची. बहुतेक वेळा सर्व्हर बंद न करता हे साधते. मात्र वाढवलेली जागा पुन्हा घटवणे अवघड असते.

माहिती भरण्याच्या पद्धती दोन. पहिलीत एक डिस्क भरल्यावर दुसरी वापरात येते. ‘स्ट्रायपिंग’ या दुसऱ्या पद्धतीत माहितीचे लहान तुकडे करून ते सर्व डिस्कवर वाटले जातात. त्यामुळे वेग वाढतो.

एक बिघडली तर?

खरी मेख येथेच आहे. जोडलेल्या गटातील एक डिस्क निकामी झाली, तर साधारणतः संपूर्ण कोठारच वापराबाहेर जाते. ॲमेझॉनच्या सर्वसाधारण व्हॉल्यूमसाठी वर्षाला हजारी एक ते दोन बिघाड गृहीत धरले जातात. चार व्हॉल्यूम जोडले, की हीच शक्यता चौपट, म्हणजे हजारी चार ते आठ होते.

म्हणून बॅकअप अनिवार्य. त्यातही सर्व डिस्कची प्रत एकाच क्षणी घेतली पाहिजे. एकीची प्रत दहा वाजता आणि दुसरीची सव्वादहाला घेतली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. अनेक व्हॉल्यूमच्या एकत्रित प्रतीची सोय ॲमेझॉनने २०१९ मध्ये दिली. ती प्रत परत वापरता येते का, याची अधूनमधून चाचणी घेणेही तितकेच आवश्यक आहे.

सारे एकाच ठिकाणी हवे का?

डिस्क जोडण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे हिताचे. सतत बदलणारा डेटाबेस वेगवान व्हॉल्यूमवर हवा. परंतु एकदा जमा झाल्यावर न बदलणारी छायाचित्रे आणि स्कॅन केलेली कागदपत्रे ‘ऑब्जेक्ट स्टोरेज’मध्ये ठेवता येतात. तेथे एकूण साठ्याचा आकार आधी ठरवावा लागत नाही आणि खर्चही सहसा कमी येतो. ही विभागणी केल्यास अनेकदा मोठी डिस्क जोडण्याची गरजच उरत नाही.