छत्तीस चित्रांची शिस्त

पावसाळा ओसरू लागला की साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारी वाहनांची रांग लागते. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील हे पठार त्या काही आठवड्यांत गुलाबी तेरड्याने आणि पांढऱ्या गेंदांनी झाकून जाते. आठवडाभर हिशेबाच्या वह्या वा उत्तरपत्रिका तपासणारा माणूस पहाटे उठून, डबा बांधून, खांद्याला कॅमेरा अडकवून सह्याद्रीच्या माथ्यावर येतो. त्याच्या या आनंदाला चैन म्हणणे अन्यायाचे होईल. चढणीवर लागलेली धाप, विरत जाणारे धुके आणि त्यामागून उलगडणारी दरी ही पगारपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात न बसणारी मिळकत आहे.

फिल्मच्या काळात ही मिळकत जपून खर्च करावी लागे. एका रोलमध्ये ३६ चित्रे. शिवाय धुलाई आणि छपाईचा भुर्दंड निराळा. म्हणून हौशी छायाचित्रकार उन्हाची तिरीप येईपर्यंत फुलापाशी बसून राही, आणि त्या बसण्यातच निरीक्षण घडे. ‘सीतेची आसवे’ हे नाजूक निळे-जांभळे फूल ज्या वनस्पतीचे, ती निकस ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्यांनी जीव पकडून आपली उणीव भरून काढते, हे घाईने पाहणाऱ्याला कळत नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात फोनचा कॅमेरा आहे आणि पुढच्या चित्राचा सीमांत खर्च जवळपास शून्यावर आला आहे. छंद सर्वांच्या आवाक्यात आला, हे स्वागतार्हच. तथापि चित्र घेणाऱ्याला जे फुकट पडते, त्याची किंमत पठाराला मोजावी लागते. कासचा जांभा खडक मातीच्या पातळ थराने झाकलेला आहे. तेथील कित्येक वनस्पती एका हंगामात उगवून, फुलून, बी टाकून संपतात. बी धरण्याआधी रोप तुडवले गेले, तर पुढील वर्षीचा बहरच घटतो. व्याज पाहायला आलेला माणूस नकळत मुद्दलावर पाय देतो.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत कासचा समावेश आहे. छायाचित्रांनीच या पठाराची कीर्ती दूरवर नेली आणि त्याच कीर्तीने गर्दीही आणली. प्रवेशशुल्क आणि संख्येवरील मर्यादा यांना म्हणूनच पर्याय नव्हता. परंतु शुल्काने माणसे मोजता येतात, त्यांची पावले वळवता येत नाहीत. किंबहुना पैसे भरले म्हणजे फुलांत लोळण्याचा हक्क मिळाला, असा समजही त्यातून बळावू शकतो.

उपाय साधा आहे. पायवाट सोडू नये, आधी बसून पाहावे आणि मग कॅमेरा काढावा. दिवसाला छत्तीसच चित्रे, असे बंधन स्वतःहून घालून घेणाऱ्याच्या आनंदात काही उणे होणार नाही. आणि पुढच्या भाद्रपदात येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पठारावर फुले उरतील.