बॉम्ब घेतला, शहाणपण राहिले

विज्ञानकथेतील यंत्र प्रत्यक्षात आले की लेखकाच्या द्रष्टेपणाचे कौतुक होते. त्याने सोबत दिलेला इशारा मात्र सहसा कोणी आठवत नाही. एच. जी. वेल्स यांनी १९१४ साली ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत अणुबॉम्बने बेचिराख झालेली शहरे रंगविली. अणूचे केंद्रक फोडण्याची विद्या तेव्हा कोणासही अवगत नव्हती.

१९३२ साली ही कादंबरी वाचलेल्या लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाला पुढच्याच वर्षी लंडनमध्ये शृंखला-प्रक्रियेची कल्पना सुचली. एका न्यूट्रॉनने अणू फोडून दोन न्यूट्रॉन मुक्त केले, तर ते आणखी अणू फोडीत जातील! वेल्स वाचल्यामुळेच परिणाम जाणून त्यांनी आपले पेटंट गुप्ततेसाठी ब्रिटिश नौदल खात्याकडे सोपविले. हिटलरच्या धास्तीने १९३९ साली अमेरिकेला अण्वस्त्राकडे वळविण्यात त्यांचाच पुढाकार होता, हेही खरे. जुलै १९४५ मध्ये त्यांनी सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्यांचा विरोधअर्ज तयार केला. तो राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचला नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा भस्मसात झाले.

वेल्सच्या कादंबरीतील राष्ट्रे विध्वंसानंतर तरी युद्ध त्यागून एका जागतिक शासनाखाली येतात. प्रत्यक्षातील राष्ट्रांनी बॉम्ब तेवढा उचलला. शहाणपण कादंबरीतच राहू दिले.