सासूबाईंचंही तिकीट धरा

मैत्रिणींनो, सुट्टीतल्या सहलीचा हिशेब मांडला की आमच्या घरी पहिलं नाव कटायचं ते सासूबाईंचं. तिकीट वाचावं म्हणून! आता ते कारण उरलं नाही. २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे. आधार कार्ड तेवढं सोबत हवं. मार्च २०२३ पासून आपल्या बायांना अर्धं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या पोरांनाही अर्धंच. पूर्ण तिकीट फक्त घरधन्याचं. कळमन्याहून स्टँडवर जायला शहर बस घेतली, तर तिथं ही एसटीची सवलत नाही. सुटे पैसे ठेवा.

नागपूरहून रामटेक ५० किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघून संध्याकाळी घरी. पायऱ्या झेपत नसतील तर गडावर रस्ताही जातो, ऑटो ठरवा. शिदोरी मात्र खिंडसी तलावाकाठी सोडा. गडावर माकडं पिशवीच ओढतात!