चित्रफितीसाठी घडीचा पडदा : हिरवा की निळा?

मीरा रोड, काशीमिरा व घोडबंदर परिसरात दूरदर्शन मालिकांचे चित्रीकरण चालते. अशा कामात हिरवा पडदा वापरतात. संगणक पडद्याचा रंग काढून टाकतो व तेथे हवे ते दृश्य बसवतो. मालाची चित्रफीत करणाऱ्या शेतकरी बंधूंनाही असा घडीचा पडदा वापरता येतो. मात्र त्याचा रंग विचारपूर्वक निवडावा.

माणसाच्या त्वचेत हिरवी छटा फारशी नसते, म्हणून पडदा हिरवा असतो. आपला भाजीपाला मात्र बहुधा हिरवाच! उत्तनच्या बागायतदाराने मेथीची जुडी हिरव्या पडद्यापुढे धरली, तर पडद्याबरोबर पानेही नाहीशी होतील. म्हणून पालेभाज्यांसाठी निळा पडदा घ्यावा व निळे कपडे टाळावेत.

वापरताना पुढील काळजी घ्यावी :

१) पडद्यावर सुरकुत्या नसाव्यात. उजेड सर्वत्र सारखा पडावा.

२) पडद्यापासून ५ ते ६ फूट पुढे उभे राहावे. जवळ उभे राहिल्यास पडद्याचा रंग अंगावर व मालावर उतरतो.

३) किनाऱ्यालगत वारा जोराचा असतो. चौकटीच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात किंवा चित्रीकरण पडवीत करावे.

रोगाच्या सल्ल्यासाठी पाठवायच्या चित्रात पार्श्वभूमी बदलू नये. पानाची पिवळी, करपलेली कडा त्यात कापली जाऊन निदान चुकू शकते. तसेच विक्रीच्या चित्रफितीत दुसऱ्याचे शेत आपले म्हणून दाखवू नये. गिऱ्हाईक एकदा फसले, की पुन्हा येत नाही.