काठीलाही हलता कान हवा

पुसदच्या बाजारपेठेतून पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध माणसाला खड्डा, पायरी, नालीची कड काठीच्या टोकानं कळते. गुडघ्याच्या वरचं मात्र कळत नाही: दुकानापुढे खाली ओढलेली ताडपत्री, उभ्या ट्रकबाहेर आलेल्या सळया, हातगाडीचा कोपरा. ही उणीव भरून काढण्यासाठी दिल्लीच्या आयआयटीत प्रा. एम. बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘स्मार्टकेन’ तयार केली. २०१४ मध्ये ती सुमारे ३ हजार रुपयांत मिळू लागली. काठीच्या मुठीवरचं यंत्र माणसाच्या कानाला न ऐकू येणारा, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी सोडतं आणि ३ मीटरच्या आत काही असलं तर त्याचा प्रतिध्वनी टिपून मूठ थरथरवतं. ३ मीटर जाऊन परत यायला ध्वनीला साधारण साडेसतरा मिलिसेकंद लागतात. वेळ मोजली की अंतर निघालं. इतक्या कमी पैशात इतकं साधणं ही मोठीच गोष्ट आहे. पण समोर काहीतरी आहे हे कळलं, तरी ते नेमकं डावीकडे की उजवीकडे, हे एका स्थिर सेन्सरला नीट सांगता येत नाही. उपाय म्हणून आपण सेन्सरची संख्या वाढवायला धावतो. माझ्या मते आधी आहे त्या एकाच सेन्सरला हलता कान द्यायला हवा.

वटवाघळांनी हा मार्ग फार पूर्वीच घेतला आहे. कान बंद केलेलं वटवाघूळ अडथळ्यांवर आपटतं, हे इटलीतल्या स्पालान्झानी या शास्त्रज्ञाच्या काळातच, १७९० च्या दशकात, दिसून आलं होतं. त्यामागचा श्राव्यातीत आवाज डोनाल्ड ग्रिफिननं १९३८ मध्ये हार्वर्डला यंत्रावर पकडला. पण खरी नवलाई सह्याद्रीतल्या गुहांतही राहणाऱ्या ऱ्हायनोलोफस प्रजातीतल्या वटवाघळांची आहे. ती नाकपुड्यांवाटे आवाज सोडतात. नाकाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची कातडीची घडी असते आणि आवाज निघताना तीही हलते. कान नुसते वळत नाहीत, त्यांचा आकारच बदलतो. हा बदल सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात होतो आणि त्यासरशी कान कुठल्या दिशेचा ध्वनी किती घेणार हेही बदलतं, असं रोल्फ म्युलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये म्युलर आणि शिआओयान यिन यांनी २०२१ मध्ये याचंच यंत्र केलं. लवचिक कृत्रिम कान, त्याला दोरीनं ओढणारी साधी मोटर आणि आत एकच मायक्रोफोन. ध्वनी येत असतानाच कान फडफडला की त्याच्या हलत्या पृष्ठभागामुळे ध्वनीची कंप्रता किंचित वर-खाली होते. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढी वाटते, तोच हा नियम. ध्वनी कुठून आला त्याप्रमाणे या चढउताराची नक्षी बदलते. ती वाचायला संगणकाला शिकवलं आणि एकाच कानानं सुमारे अर्ध्या अंशापर्यंत दिशा ओळखली. दोन कानांतल्या फरकावरूनच दिशा कळते, हा आपला पक्का समज इथे अपुरा ठरतो.

हलणारा भाग बिघडतो, धूळ खातो, बॅटरी पितो, हा आक्षेप रास्त आहे. पण मोटर सतत चालायला नको. आधी स्थिर सेन्सरनं अडथळा पकडावा, मग पुढच्या एक-दोन ध्वनींपुरता कान हलवावा. रबरी कान बदलता येतो. ‘मग कॅमेराच का नको?’ हा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण कॅमेरा वस्तू ओळखतो आणि ध्वनी ते काम सहजासहजी करत नाही. तरीही अंधारात, धुरात, धुळीत कॅमेरा चाचपडतो, आणि छातीशी कॅमेरा लावून बाजारात फिरणं इतरांच्याही खासगीपणाचा प्रश्न उभा करतं. ध्वनीची मर्यादाही मान्य करायला हवी: कंप्रता जितकी जास्त, तितकी हवा ती लवकर शोषते, त्यामुळे पल्ला काही मीटरचाच. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्याला मात्र ३ मीटर म्हणजे सावध व्हायला तीन सेकंद मिळतात. ट्रकच्या एअर ब्रेकच्या फुसकाऱ्यातही श्राव्यातीत भाग असतो; तो गाळणं हे खरं अवघड काम आहे.

ते काम दूरच्या प्रयोगशाळेत पूर्ण होणार नाही. तिथल्या शांत खोलीत शिकलेला संगणक आपल्या रस्त्यावर गोंधळेल. त्याला शिकवायला ताडपत्रीचे, सळयांचे, बैलाच्या शिंगांचे, कापसाच्या गाठींचे प्रतिध्वनी लागतील, रहदारीच्या आवाजासकट टिपलेले. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मायक्रोफोन, छोटी मोटर आणि रबरी कान घेऊन हे ध्वनिमुद्रण तिथल्या विद्यार्थ्यांना आजही सुरू करता येईल. फक्त मूठ किती आणि कशी थरथरावी, हे ठरवताना काठी वापरणारी माणसं पहिल्या दिवसापासून सोबत हवीत.