खडूचा पुरुष आणि दगडाचा क्षेत्रपाल

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात सर्न ॲबस नावाचे एक खेडे आहे. तेथील टेकडीच्या उतारावर चर खणून व त्यांत खडू भरून सुमारे ५५ मीटर उंचीचा गदाधारी पुरुष रेखाटलेला आहे. कोणी त्याला हर्क्युलिस म्हणे, कोणी क्रॉमवेलची टवाळी मानी. त्याच्या कृपेने निपुत्रिकांची कूस उजवते, अशीही लोकसमजूत आहे. २०२१ साली मातीच्या परीक्षणावरून त्याचा काळ इ. स. ७०० ते ११०० असा ठरला.

नेमक्या याच शतकांत मराठवाड्यावर राष्ट्रकूटांची सत्ता होती. 'लट्टलूरपुराचे अधिपती' हे बिरुद ते अभिमानाने मिरवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे त्यांचे वैभवशाली नगर. तेथे जगत्तुंगसमुद्र हा विस्तीर्ण तलाव निर्माण झाला आणि क्षेत्रपालाची प्रचंड पाषाणमूर्ती उभी राहिली. गावाच्या शिवेचा हा रक्षक आज भग्न अवयवांच्या रूपानेच उरला आहे.

दगडापुढे खडूचा टिकाव तो किती! चार-दोन दशके दुर्लक्ष झाले, तर गवत ती आकृती गिळून टाकील. तरीही ती टिकली, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी चर साफ करीत आले. १९२० पासून नॅशनल ट्रस्ट ही संस्था तिची निगा राखते. २०१९ मध्ये स्वयंसेवकांनी १७ टन खडू हातांनी ठोकून भरला. अर्थशास्त्रात ज्याला घसारा म्हणतात, त्याची तरतूद त्या समाजाने अशी श्रमाने केली.

आपल्याकडे निर्मितीचा सोहळा होतो, देखभालीला मात्र वाली नसतो. मूर्ती कोणी भंगली यावर वाद रंगतात. अवशेषांना कुंपण घालण्याचा विषय निघत नाही. ही केवळ पुराणवस्तूंची गोष्ट नव्हे. ज्या लट्टलूरच्या अधिपतींच्या राज्यात 'समुद्र' बांधले गेले, त्याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. अवर्षण हे त्याचे एक कारण. जुन्या जलाशयांची व विहिरींची उपेक्षा हे दुसरे.

राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे महाविद्यालये दरवर्षी भरवितातच. त्यांतील एखादे कंधारच्या तलावाकाठी भरावे. विद्यार्थ्यांनी अवशेषांची मोजमापे घ्यावीत, वृद्धांकडून दंतकथा टिपून घ्याव्यात, जमेल तेवढा गाळ उपसावा. शिवेचे रक्षण क्षेत्रपालाने करावे ही श्रद्धा जुनी आहे. आता क्षेत्रपालाचे रक्षण शिवेतल्या माणसांनी करावयाचे आहे.